उठू पाहणारी बाई

ट्राम गचकन थांबली आणि माझ्या मांडीवरचं निळीचं पाकीट फुटलं. कागदी पाकीट होतं. दुकानातून निघाल्यापासून मी ते दोन्ही हातांनी इतकं आवळून धरलं होतं की ते फुटणारच होतं. माझा उजवा पाय आपोआप पुढे सरकून फरशीवर दाबला गेला होता. उभी हयात ट्राम चालवण्यात गेली, पाय अजून ब्रेक शोधतो. रुळांवरून एक सायकलवाला शिव्या देत निघून गेला आणि ट्राम पुन्हा चालू झाली. माझी विजार, बोटं, सीटची कड, सगळं निळंभोर. समोर एक म्हातारी बसली होती, मांडीवरच्या पिशवीतून लांबलचक कांद्याची पात बाहेर आलेली. ती म्हणाली, ‘‘अहो, कपडे निळीत घालायचे तर आधी अंगातून काढतात.’’ डबा हसला. मीही हसलो, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकलो. ‘‘कपड्यांना नाही हो, पुतळ्याला लागते,’’ मी म्हणालो. ‘‘पुतळ्याला? कबुतरं त्याला पांढरा रंग देतात तेवढं पुरत नाही का?’’ असं म्हणत तिने रुमाल काढला, त्याच्या कोपऱ्याला थुंकी लावली, आणि मला काही कळायच्या आत माझ्या कानामागे घासायला लागली. ‘‘आणि ही माती कसली? बायको बघत नाही का तुमच्याकडे?’’ मी म्हणालो, ‘‘बघायची.’’ तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने आणखी जोर लावून माझा कान साफ केला, दोन्ही बाजूंनी, आणि रायलेकच्या थांब्यावर उतरून गेली. माझा कान पुढचे दोन थांबे गरम होता. ऑक्टोबरपासून मला कुणी हात लावला नव्हता. डोर्टे, आमची मुलगी, आली की मिठी मारते, पण ती कोटावरून.

उरलेली नीळ मी टोपीत भरली. तेवढी पुरे होती. मातीच्या मूर्तीवर साचा करताना प्लास्टरचा पहिला थर निळा करतात, त्याला मूठभर नीळ लागते. त्यावर जाड पांढरा थर. मग आतली माती उकरून काढायची, रिकाम्या साच्यात नवं प्लास्टर ओतायचं, आणि ते घट्ट झालं की छिन्नीने वरचा साचा फोडत जायचं. पांढरं फोडताना निळं दिसलं की हात आवरायचा, कारण निळ्याच्या खाली मूर्ती असते. या पद्धतीत माती जाते, साचाही जातो, हातात एकच मूर्ती राहते. ती बिघडली तर काहीच राहत नाही. गुंडुलाची, माझ्या बायकोची, सगळी कामं अशीच झाली, आणि आज तिच्या शेवटच्या कामाची पाळी होती. सकाळी मला दाढी करतानाही हात स्थिर ठेवता येत नव्हता. दुःखाने नाही. लग्नाच्या सकाळी असंच झालं होतं, हनुवटीवर कापूस लावून मी नोंदणी कचेरीत गेलो होतो आणि गुंडुला सहीच्या वेळी त्या कापसाकडे बघून इतकी हसली की तिची सही वाकडी आली.

ती मला ट्राममध्येच भेटली. मी नवा ड्रायव्हर, ती कलाशाळेत शिकणारी. घोंगडीत काहीतरी गुंडाळून, छातीशी धरून ती पुढच्या दाराने चढली. मी म्हणालो, ‘‘बाई, बाळाला घेऊन मागे बसा, इथे वारा लागेल.’’ तिने घोंगडीचं टोक उघडलं. आत प्लास्टरचा पाय होता, घोट्यापर्यंत, पाचही बोटं नीट. ‘‘याला वाऱ्याचं काही नाही,’’ ती म्हणाली, ‘‘पण तुम्ही वळण जरा हळू घ्या, अंगठा ओला आहे.’’ मी वळण हळू घेतलं. मागची गाडी घंटा वाजवत राहिली. नंतर कितीतरी वर्षं मी तिच्या ओल्या वस्तूंसाठी वळणं हळू घेतली. तेव्हाच्या साम्यवादी राजवटीत कारखान्यांना मूठ वर केलेला कामगार हवा असायचा. गुंडुलाने पाव खाणारा कामगार केला, गालात घास असलेला. समितीतला एक माणूस म्हणाला, याची मूठ कुठे आहे? ती म्हणाली, पावाभोवती. तो पुतळा कारखान्याच्या मागच्या अंगणात उभा केला, कचऱ्याच्या पिंपांजवळ, आणि कामगार दुपारी त्याच्याशेजारी बसून जेवायला लागले. पोहण्याच्या तलावासाठी तिने केस पिळणारी मुलगी केली. पुढे राजवट गेली, तलाव बंद पडला, मुलगी भंगारात निघाली तेव्हा आम्ही दोघांनी हातगाडीवर घालून ती घरी आणली. ती अजून आमच्या जिन्याखाली केस पिळत उभी आहे. मग काही वर्षं कुणालाच पुतळे नको होते. गुंडुला थडग्यांचे दगड कोरायची आणि म्हणायची, ही गिऱ्हाईकं समिती बसवत नाहीत. ती हे म्हणायची तेव्हा मी हसायचो. तिचा दगड मी दुसऱ्या माणसाकडून करून घेतला, आणि त्यावरच्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर, जी, मला आवडत नाही.

शेवटचं काम नदीकाठच्या बागेसाठी होतं. खऱ्या मापाची एक बाई खुर्चीवर बसली आहे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेत, आणि ती आता उठणार आहे. अजून उठलेली नाही. वजन टाचांवरून चवड्यांवर आलंय, एवढंच. त्यासाठी गुंडुलाने एक अख्खी दुपार मला खुर्चीतून उठवलं आणि बसवलं. ‘‘ऊठ. बस. ऊठ, पण उठू नकोस.’’ मी म्हणालो, ‘‘हे मला जमत नाही.’’ ती म्हणाली, ‘‘सगळ्यांना जमतं, फक्त लक्षात येत नाही.’’ ही बाई कोण, असं मी विचारलं तर म्हणाली कुणीच नाही. मग ती आजारी पडली. मग ती रोज कार्यशाळेतून लवकर यायला लागली, आणि मग जाईनाच. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती फारसं बोलत नव्हती. एकदा डोळे न उघडता म्हणाली, ‘‘एकहार्ड, ती सुकू देऊ नकोस.’’ काम पूर्ण झालंय की नाही, हे म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. त्या वेळी मला वाटलं, ओली ठेवली तर तो प्रश्नही सुटेल.

साचे करणारा वुटके. गुंडुलाच्या वर्गातला, तिच्या सगळ्या मूर्तींचे साचे त्याने केलेले, दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नसे. त्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, तो मे महिन्याशिवाय उभा राहू शकत नव्हता. तोवर मी माती ओली ठेवली. सकाळी जायचो, प्लास्टिक काढायचं, फडकी काढायची, पाणी मारायचं, फडकी भिजवायची, पुन्हा गुंडाळायची. संध्याकाळी तेच. घरी करमत नव्हतं म्हणून कधी दुपारीही. कार्यशाळा म्हणजे किल्ल्याखालच्या गल्लीतला जुना घोड्यांचा तबेला. तिथे तिच्या डगल्याला अजून तिचा वास होता, पण मी वास घ्यायला जात नव्हतो. मी पाणी मारायला जात होतो. हातात काम असलं की माणूस रडत नाही असं नाही, पण रडताना पाणी मारता येतं.

मी पोचलो तेव्हा वुटके आणि डोर्टे आधीच आले होते. वुटके काठीवर रेलून कच्च्या खिम्याचा पाव खात होता. माझ्याकडे बघून त्याचा घास थांबला. ‘‘हे काय? एका मूर्तीला नीळ लागते, अख्ख्या म्हाताऱ्याला नाही.’’ डोर्टे म्हणाली, ‘‘पप्पा, तुझ्या भुवया निळ्या झाल्यात.’’ मी म्हणालो, ‘‘हसा. पण लवकर हसा.’’ मला धीरच नव्हता. मी प्लास्टिक काढलं, फडकी एकेक सोडली. वुटकेने पाव ठेवला, हात विजारीला पुसले आणि मूर्तीभोवती एक फेरी मारली. मग त्याने एक बोट मूर्तीच्या खांद्यामागे हलकेच टेकवलं. बोट आत गेलं. त्याने ते काढून माझ्या नाकासमोर धरलं.

‘‘किती पाणी घालत होतास रे?’’

‘‘सकाळ-संध्याकाळ.’’

‘‘आणि?’’

‘‘कधी दुपारी.’’

‘‘अरे बाबा, ही बाई आहे, भाताचं शेत नाही! गुंडुला फवाऱ्याने नुसती वाफ धरायची. लोणी केलंयस तू हिचं.’’ मग तो वाकून मानेकडे बघायला लागला. मानेवर, केसांच्या खाली, एक बारीक भेग होती. काल नव्हती. मी शपथेवर सांगतो, काल नव्हती. डोर्टे म्हणाली, ‘‘मग थांबू या ना. दोन आठवडे झाकू नका, घट्ट होईल.’’ वुटके म्हणाला, ‘‘घट्ट होताना ती आकसेल, आणि ही भेग पहिली उघडेल. डोकं मांडीत येऊन पडेल. थांबलो तर गेली. आज केलं तर कदाचित.’’ त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘‘तू सांग.’’ आठ महिने मी तिला जपत होतो आणि जपून जपून मीच तिला विरघळवलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लाजही वाटली नाही. मला फक्त बादल्या दिसत होत्या. ‘‘आज,’’ मी ओरडलो, ‘‘आत्ता!’’

मग जे सुरू झालं त्यात विचार करायला जागा नव्हती. प्लास्टर कालवलं की ते कुणाची वाट बघत नाही. वुटके मूर्तीच्या कडेने पितळी पट्ट्या मातीत खोचत गेला, साच्याचे दोन भाग पडावेत म्हणून. डोर्टेने पाणी आणलं, मी टोपीतली नीळ बादलीत झटकली, आणि प्लास्टर उन्हाळ्यातल्या आकाशासारखं झालं. वुटकेने भांडं माझ्यापुढे केलं. ‘‘पहिली मूठ ज्याची मूर्ती त्याने मारायची. ती नाही, तर तू मार.’’ गुंडुला ती मूठ मनगट झटकून मारायची, चारी बोटं उघडत, फटकन, आणि थेंब बरोबर नाकाच्या बाजूच्या खळगीत जायचे. मी तसाच हात झटकला. अर्धं मूर्तीच्या गुडघ्यावर पडलं, अर्धं वुटकेच्या चष्म्यावर. ‘‘झकास,’’ तो आंधळ्यासारखा उभा राहून म्हणाला, ‘‘गुडघा अचूक.’’ डोर्टे हसत सुटली, हसता हसता तिने चष्मा पुसला, आणि आम्ही तिघं मारायला लागलो. फटक, फटक. बाईचे हात निळे झाले, छाती निळी झाली, कपाळ, ओठ. पहिल्यांदाच ती गुंडुलासारखी दिसायची थांबली. गुंडुलासारखी ती दिसत होती हेच मला तोवर कळलं नव्हतं. मला दम लागला होता आणि मला थांबायचं नव्हतं. मला वाटतं मी गातही होतो. डोर्टे म्हणते, तू गात नव्हतास, तू नुसता ‘हो हो हो’ करत होतास.

पांढरा थर अर्ध्यावर आला तेव्हा आवाज झाला. चिखलातून बूट ओढावा तसा. डोकं पुढे आलं. हळू, झोप लागलेल्या माणसाचं येतं तसं. ‘‘धर!’’ वुटके ओरडला. मी समोरच होतो. मी पुढे घुसलो आणि तिचं कपाळ माझ्या खांद्यावर घेतलं, दोन्ही तळवे मानेच्या दोन बाजूंना. सगळं ओलं, गार, जड. माझ्या कल्पनेपेक्षा खूप जड. मी मागे रेटलं. मान जागची हलेना, पण पुढेही येईना. ‘‘बोटं काढ, बोटं काढ, नको, ठेव!’’ वुटके काठी टाकून लंगडत आला, आणि दोन्ही हातांनी मानेमागे, खांद्यांवर, माझ्या बोटांभोवती प्लास्टर थापायला लागला. डोर्टे आधाराला लोखंडी सळया देत होती. ‘‘हलू नकोस एकहार्ड. श्वास घे, पण वरच्या वर घे.’’ ‘‘बोल काहीतरी,’’ वुटके म्हणाला, ‘‘गप्प राहिलास की थरथरतोस.’’ तोंडातून आपोआप थांबे निघाले. क्रॉल्विट्झ. किल्ला. रायलेक. मार्केट. पुढे स्टेशन. तिथून परत. मार्केट. रायलेक. पहिल्या खेपेला माझ्या खांद्यावरचं कपाळ गार होतं. दुसऱ्या खेपेला कोमट झालं. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे मला माहीत होतं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही कोळसा संपला की नव्या साच्यांवर हात शेकायचो. तरी माझी तयारी नव्हती. ऊब आधी तळव्यांत आली, मग खांद्यात, मग शर्टातून छातीवर. ताप आलेल्या अंगासारखी. मी थांबे विसरलो. दवाखान्यात मी तिचा हात धरून बसलो होतो तेव्हा तो उलट्या दिशेने गेला होता, गरमातून गारात, आणि मी घड्याळ न बघता बसून राहिलो होतो. आता कुणीतरी तोच रस्ता उलटा चालवत होतं. ‘‘पप्पा, रायलेक गेलं,’’ डोर्टे हळूच म्हणाली, ‘‘पुढे?’’ मी म्हणालो, ‘‘पुढे काही नाही. इथेच.’’

वुटकेने साच्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. कडक आवाज आला. ‘‘सोड आता.’’ मी सोडलं नाही. त्याने माझं एकेक बोट काढलं. ‘‘सोड रे. उभी आहे ती.’’

पुढचं सगळं वुटकेने केलं. साच्याचा मागचा भाग उघडला, माती उकरली. आठ महिने मी पाजलेली माती बादल्यांतून बाहेर गेली आणि मला तिचं काहीच वाटलं नाही, मी स्वतः बादल्या ओतल्या. साचा धुतला, नवं प्लास्टर चिकटू नये म्हणून आतून साबण लावला, भरला. रविवारी आम्ही फोडायला बसलो. छिन्नी आणि लाकडी हातोडी. पांढरे ढलपे उडायचे, मग निळं लागायचं, मग वुटके ‘हळू’ म्हणायचा, निळं पापुद्र्यासारखं सुटायचं आणि आत गुंडुलाचं काम. गुडघा आला. गुडघ्यावरचा हात आला, नखांसकट. करंगळीजवळ तिच्या अंगठ्याचा ठसा आला, खरा, रेघांसकट, माझ्या पाण्याने गेला नव्हता. मी ओरडलो. शेजारची बाई खिडकीतून म्हणाली, ‘‘काय झालं, कोण पडलं?’’ वुटके म्हणाला, ‘‘कुणी नाही, बाई, एक उठतेय.’’ छाती आली, खांदे आले, शेवटी डोकं. डोर्टेने कुंच्याने धूळ झाडली, आणि आम्ही तिघं मागे सरकलो.

बाई माझ्याकडे बघत होती. मी समोर उभा होतो, आणि तिचे डोळे बरोबर माझ्या तोंडावर आले होते. मान पुढे, थोडी खाली. काहीतरी विचारायला वाकावं तशी. डोर्टे रडायला लागली. ‘‘पप्पा, अरे, ती तुझ्याकडे बघतेय.’’ वुटके बराच वेळ नाक खाजवत राहिला. मग म्हणाला, ‘‘मान दोन बोटं पुढे आलीय. तू धरलीस तिथे थांबली.’’ डोर्टेच्या फोनमध्ये बाजूने काढलेले फोटो होते, उन्हाळ्यातले, गुंडुला स्वतः शेजारी उभी असलेले. आम्ही बघितलं. त्यात मान सरळ होती, हनुवटी वर. दोन बोटंच, पण फोटोतली बाई उठणार होती आणि ही बसून राहणार होती.

‘‘हे असंच राहू दे,’’ डोर्टे म्हणाली. ‘‘प्लीज. हे आईचंही आहे आणि तुझंही.’’ वुटके म्हणाला, ‘‘लोकांना आवडेल. बागेत येणारा प्रत्येक जण म्हणेल, माझ्याकडेच बघते. खरं सांगू? गोड झालीय.’’ तो शब्द तो गुंडुलासमोर बोलला असता तर तिने त्याला बादली फेकून मारली असती. मी मूर्तीसमोरून हललो नाही. हलवत नव्हतं. मला त्या नजरेत तिथेच राहायचं होतं, मूर्ती ब्राँझमध्ये ओतायला नेणारी फाउंड्रीची गाडी परत पाठवायची होती, खुर्ची घेऊन समोर बसायचं होतं, रोज. आणि ते इतकं सोपं होतं. कुणी मला अडवलं नसतं. पण ही मान माझी होती. माझ्या खांद्याने केलेली. बाकी सगळ्या अंगात गुंडुला होती आणि मानेत मी होतो, लोंबकळत. मला एकदम तिचा आवाज नाही, तिची चीड आठवली. दुसऱ्या कुणी तिच्या मातीला हात लावला की तिचे कान लाल व्हायचे. ती चीड आठवली आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. अशी चिडकी बाई माझी होती.

‘‘वुटके,’’ मी म्हणालो, ‘‘करवत कुठाय?’’

‘‘शुद्धीवर आहेस ना?’’

‘‘कापून सरळ बसवता येते की नाही?’’

‘‘येते. पण एकहार्ड, मग ती तुझ्याकडे—’’

‘‘करवत.’’

डोर्टेने तोंडावर हात ठेवला, मग तो काढला आणि स्वतःच भिंतीवरून करवत आणून दिली. वुटकेने भेगेच्या जागी पातं लावलं. पांढरी भुकटी माझ्या मनगटांवर पडत होती, कारण डोकं मी धरलं होतं. शेवटचा पापुद्रा सुटला आणि ते सगळंच्या सगळं माझ्या हातात आलं. या वेळी ते मला जड लागलं नाही. वुटकेने मधे ताजं प्लास्टर भरलं, लाकडी पाचर सरकवली, आणि मी डोकं परत ठेवलं. तो फोटो घेऊन बाजूला उभा राहिला. ‘‘मागे. अजून. हनुवटी वर. जास्त झालं. हां.’’ मी समोरून बघत होतो. नजर माझ्या तोंडावरून कपाळावर सरकली, कपाळावरून केसांवर, आणि मग माझ्यावरून वर गेली, माझ्या मागे, उघड्या दाराकडे, गल्लीत. तिचे चवडे जमिनीत रुतले. मांड्या ताठल्या. गुडघ्यांवरचे हात खरंच गुडघे दाबायला लागले.

‘‘इथे!’’ मी ओरडलो. ‘‘इथेच! थांबव! बरोबर आहे!’’

‘‘अरे, पण ती आता तुझ्याकडे बघत नाही,’’ वुटके म्हणाला.

‘‘नाहीच बघत,’’ मी म्हणालो, आणि तिच्या वाटेतून बाजूला झालो.